कबऱ्याच्या गळ्यातलं लोढणं

६ नोव्हें., गुरुवार. विंझर

सकाळच्या दुधाला आज पुन्हा तेच. किसननाना फाटकातून आत आले, किटली खाली ठेवायला वाकले आणि माझा कुत्रा कबऱ्या साखळीच्या टोकापर्यंत उडाला. साखळीनं हिसका दिला, हवेतच गिरकी खाऊन पाठीवर पडला. उठला, परत तेच. नानांचं दूध सांडलं नाही, पण फॅटसाठी नमुना देताना त्यांची नजर कबऱ्यावरून हलत नव्हती. सत्तरीचा माणूस. दाजी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या वाघाला आवरा."

दाजींचं दूध संकलन म्हणजे घरापुढचं अंगण. सकाळ-संध्याकाळ गावातली पंचवीसेक माणसं किटल्या घेऊन येणार, माप होणार, फॅट निघणार. ताईनं मला मशीनवर बसायला ठेवून घेतलंय. म्हणाली, लय फिरलास, आता एका जागी बस जरा. बसलो. गणपतीपासून बसलोय, माझ्या मानानं खूप झालं.

नसरापूरजवळच्या हॉटेलातून निघताना दोनच वस्तू आणल्या, बॅग आणि हा कबऱ्या. हॉटेलच्या मागच्या दारी आखूड साखळीला असायचा. राखणीला. येणारा-जाणारा जे फेकेल ते त्याचं. उष्टं पण आणि दगड पण.

पलीकडच्या शेतात मळणीयंत्र आलंय वाटतं. बघून येतो.

बघून आलो. तास गेला. डोक्यात भुसा. काय लिहीत होतो...


८ नोव्हें., शनि.

कबऱ्याला, म्हणजे क. ला, काय चालत नाही ते थोडं थोडं कळायला लागलंय. किटल्यांचा खणखणाट. मोटरसायकल, त्यातही कॅन लावलेली. आणि डोक्यावर भाताचा भारा घेतलेल्या बायका. तोंड दिसत नाही, नुसता भारा चालत येतो. मला कुणी सांगितलं नसतं तर मी पण घाबरलो असतो.

नसरापूरचे शकूरभाई टेम्पो घेऊन कॅन न्यायला येतात. ते आता केबिनमधून उतरतच नाहीत. "अविशेठ, आधी तुमचं लेकरू बांधा. प्यांट नवी हाय." मी म्हणालो बांधलेलाच आहे. ते म्हणाले, मग साखळी बांधा.

एक गोष्ट. मी त्याच्यावर ओरडलो की तो जास्त ओरडतो. आमची दोघांची जुगलबंदी चालते आणि लोक किटल्या धरून बघत उभे.


११ नोव्हें., मंगळ.

बोलणं झालं शेवटी. संध्याकाळचं माप झाल्यावर चौघं-पाच जण थांबले. दोघं म्हणाले आम्ही फाट्यावरच्या डेअरीला दूध घालतो उद्यापासून, पोरीबाळी येतात किटल्या घेऊन, काय भरवसा. दाजींचं तोंड उतरलं. तिथल्या तिथं मला ऐकवलं, सगळ्यांदेखत. "एकदा जरी चावलं, तर भाटघर धरणाच्या पलीकडं सोडून यायचं. पाणी वलांडलं की वास तुटतो. परत येत न्हाई."

म्हणजे क. चं ठरलं. एक चावा, की गोणीत.

तोडगा नानांनीच काढला. म्हणाले, साखळीनं कुत्रं जास्त पिसाळतं. मोकळं सोड, पण गळ्यात लोढणं घाल. त्यांच्या वडिलांनी एका द्वाड गाईला घातलं होतं. गळ्याला आडवं लाकूड लोंबतं, धावायला गेलं की गुडघ्यांवर आपटतं. आपोआप चाल मोडते. मारायला नको, बांधायला नको. सगळ्यांना पटलं. मला तर सगळ्यात जास्त पटलं. ज्याच्यावर तो सगळ्यात जास्त भुंकतो तो माणूस त्याची साखळी सोडायला सांगत होता.


१२ नोव्हें., बुध.

दिवसभर लोढणं. बांधावर बाभळीचा वाळलेला दांडका सापडला. हातभर तोडला, साल काढली, टोकं कोयत्यानं गोल केली, काचेनं घासून गुळगुळीत. गळ्याला मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा. आजवर इतकं मन लावून काय केलं असेल तर वेल्ह्याला ट्रेकवाल्यांचे तंबू ठोकायचो तेवढंच. तेही एकच सीझन.

पट्टा घालताना क. नं माझा हात चाटला. साखळी काढली. चार पावलं पळाला, ठक्‌ ठक्‌, बसला. खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं. परत उठला. ठक्‌. मग बसूनच राहिला.

ताई म्हणाली, बिचारं. दाजी म्हणाले, बघ कसं शहाणं झालं.


१४ नोव्हें., शुक्र.

शांतता. खरंच शांतता. काल एकदोनदा भुंकला, आज एकदासुद्धा नाही. किटल्या आल्या, भारे गेले, शकूरभाई केबिनमधून उतरले, एक पाय खाली ठेवून जरा थांबले, मग दुसरा ठेवला. "अविशेठ, मला बी एक करून द्या. आमच्या पोराला घालतो."

फाट्यावरच्या डेअरीला जाणारे दोघं परत आले. दाजींनी मला स्वतःच्या हातानं चहा आणून दिला. ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदा.

क. दिवसभर पाण्याच्या टाकीजवळ बसून असतो. जवळून कुणी गेलं की मान खाली घालून ताठ होतो. नुसतेच डोळे फिरतात. दमला असेल. लाकूड जड आहे का थोडं? उद्या तासून हलकं करायचं. उद्या वेल्ह्याला केस कापायला पण जायचंय.


१५ नोव्हें., शनि.

केस कापले. तिथून तोरण्याच्या वाटेला लागलो, उगाच, अर्ध्या डोंगरापर्यंत. वर गवत सोनेरी झालंय. एक जुना ट्रेकवाला भेटला, गप्पा. परत येईस्तोवर संध्याकाळचं दूध होऊन गेलेलं. माझ्या जागी मशीनवर ताई बसली होती. लाकूड तासायचं राहिलं.


१६ नोव्हें., रवि.

चावला.

नानांना. उजव्या पंजाला, अंगठ्याखाली. खोल.

लिहून ठेवतो, नाहीतर प्रत्येक जण वेगळं सांगेल. सकाळचं दूध. मी मशीनवर. क. टाकी आणि भिंतीच्या मधल्या बोळात पडलेला. नाना किटली ठेवून त्याच्याकडे गेले. हातात भाकरीचा तुकडा. चांगलंच करायला गेले, रोज गप्प बसतो म्हणून खूश होते त्याच्यावर. क. उठला. मागं सरायला बघितलं. लोढणं टाकीच्या पायात अडकलं. नाना वाकले. हात पुढं केला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. नुसतंच चावला.

मग सगळं एकदम. कुणीतरी म्हणालं चटणी आणा, जखमेत भरा. ताईनं नानांना ओढत नळाखाली नेलं आणि साबण लावून धूत राहिली, धूतच राहिली, कुणाचं ऐकलं नाही. दाजी काठी घेऊन बोळाकडे. मी मधे गेलो. काठी माझ्या दंडावर बसली. ते थांबले. मग तेच घाबरले.

नानांना मोटरसायकलवर मागे बसवून वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात. इंजेक्शनं. डॉक्टरांनी विचारलं कुत्र्याला लस दिलीय का. नाही. हॉटेलात होता तेव्हापासून दीड वर्षात एकदाही नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही कधी. म्हणाले, दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा. मारू नका, सोडू नका. खाणं-पिणं सोडलं, वागणं बदललं, मेलं, तर लगेच कळवा. ते धड राहिलं तर काळजी मिटली. राहिलेल्या सुया मात्र चुकवायच्या नाहीत.

येताना नाना मोटरसायकलवर मागे. त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता. घट्ट.

दाजींना सांगितलं दहा दिवस. म्हणाले, "बरं. मग अकराव्या दिशी भाटघर."


१७ नोव्हें., सोम.

क. सरपणाच्या खोलीत. साखळी पण आणि लोढणं पण, दाजींनी दोन्ही ठेवायला लावलं. मी काढू का विचारलं तर म्हणाले, अजून विचारतोस? दार बाहेरून बंद. भाकरी काठीनं आत सरकवायची. खाल्ली त्यानं अर्धी.

दिवसातून दहा वेळा फटीतून बघतो. तो बघतो माझ्याकडे. ओळख आहे अजून.

दूध घालायला निम्मी माणसं. जे येतात ते फाटकातूनच किटली देतात.


१९ नोव्हें., बुध.

नानांची दुसरी सुई. त्यांच्या घरी गेलो तर सूनबाईंनी पाणी सुद्धा विचारलं नाही. बरोबर आहे. नाना मात्र मागे बसल्या बसल्या बोलायला लागले. भात किती झालं, म्हैस आटली, वगैरे. मध्येच म्हणाले, "आजवर मानसंच चावली मला. कुत्रं ह्यो पैला." मला हसावं का कळेना. तेच हसले.

रांगेत बसलो असताना विचारलं, कुत्रं खातंय का? म्हणालो, खातंय. परत विचारलं, पाणी पितंय? पितंय. मान हलवली. मला कळलं हा माणूस तीन दिवस हेच दोन प्रश्न घेऊन झोपतोय.


२१ नोव्हें., शुक्र.

खात नाही.

काल सकाळपासून. आधी वाटलं शिळी भाकरी. ताईनं ताजी करून दिली, दुधात कुस्करून. वास घेतला, तोंड फिरवलं. पाण्याची वाटी काल भरलेली तशीच. तोंडातून लाळ, दोरीसारखी. मान तिरकी धरून बसलाय.

दाजींनी फटीतून बघितलं आणि दोन पावलं मागं आले. म्हणाले, नानाकडं मी जाऊ का तू जातोस? मी म्हणालो, दुपारपर्यंत थांबा. कशासाठी म्हणालो माहीत नाही. गावात कुणी सांगितलं कोण जाणे, संध्याकाळी नानांची सून किटली घेऊन फाटकात उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी जेवलं न्हाईत. तुमचं कुत्रं जेवलं का ते इचारून यायला सांगितलंय."

मी खोटं बोललो. हो म्हणालो.

मशीनवरचे आकडे दोनदा चुकले.


२२ नोव्हें., शनि.

गुरांचे डॉक्टर शेजारी गाय तपासायला आले होते, त्यांना हात जोडून आणलं. दारातूनच बघितलं. बॅटरी मारली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, गळ्यात ते काय आहे? मी सांगितलं. म्हणाले, पट्ट्याखाली बघा, रबर मांसात गेलंय. गिळताना दुखत असणार. तेच असेल असं सांगता येत नाही, दुसरंही असू शकतं. आत जाऊ नका. मी म्हणालो, मग पट्टा कोण काढणार? त्यांनी बॅटरी विझवली. नंतर म्हणाले, मी सांगितलं असं म्हणू नका, आणि काढलात तर आजच तुम्ही पण वेल्ह्याला जाऊन सुई घ्या.

हाताला गोणपाट गुंडाळलं, ताईनं वरून दोरी बांधली. कोयता नको म्हणाली, कापडाची कात्री दिली.

दार उघडलं. क. कोपऱ्यात ताठ. मी दोन पावलं गेलो, त्याच्या गळ्याशी हात न्यायला वाकलो, आणि त्यानं दात दाखवले. आवाज नाही. नुसते दात. तसाच थांबलो. आणि मग लक्षात आलं मी काय करतोय. वाकतोय. आपल्याकडे कुत्रं भुंकलं की माणूस वाकतो, दगड असो की नसो. मी पण लहानपणापासून तसंच करतो. आणि आमच्या अंगणात पंचवीस माणसं दिवसातून दोनदा किटली ठेवायला वाकतात. त्याच्या लेखी रोज पन्नास दगड.

सरळ झालो. मागं गेलो. पाठ करून जमिनीवर बसलो, सरपणाला टेकून. बसून राहिलो. मला एका जागी बसायला सांगितलं की अंगात मुंग्या येतात, पण बसलो. बाहेरून ताई हाका मारत होती, अव्या, अव्या. उत्तर दिलं नाही. पाय बधिर झाले. मग साखळी वाजली. आधी लाकूड घासत आलं, मग मांडीला नाक.

हात न उचलता, कुशीवरूनच कात्री सरकवली. रबर कापताना कण्हला. चावला नाही. लोढणं पडलं.

गळ्याभोवती लाल ओली रेघ. वास.

थाळीत दूध ठेवलं. सगळं प्यायला. पाणी पण. मी तिथंच रडलो, मग वेल्ह्याला जाऊन सुई घेतली. सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला कुठं चावलं? म्हणालो, अजून नाही.


२३ नोव्हें., रवि.

नानांची तिसरी सुई. माझीही पुढची तारीख ठरली, म्हणजे आता दोघांच्या वाऱ्या.

वाटेत गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. परवाचं खोटं पण. रागावतील वाटलं. मी म्हणालो, नाना, लोढण्यानं त्याचं धावून जाणं थांबलं, पण पळून जाणं पण थांबलं ना. आधी तो भुंकायचा आणि मागं सरायचा. भुंकणं म्हणजे लांब राहा असं सांगणं. लाकूड घातल्यावर त्यानं सांगणं सोडून दिलं आणि आपण म्हणालो सुधारला.

नाना रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. बांधलेला हात मांडीवर. मी विचारलं, तुमच्या वडिलांच्या त्या गाईचं काय झालं पुढं?

"बिबट्या आला. लोढणं करवंदीत आडकलं व्हतं तिचं. सकाळी बगितलं आमी."

बस एवढंच. गाडीवर बसले. म्हणाले, चल, सुई थंड हुतीया.


२४ नोव्हें., सोम.

क. जेवतोय. गळ्याला हळद-तेल नको, गुरांच्या डॉक्टरांनी मलम दिलंय ते. लावताना मी बाजूला बसतो, समोर नाही. चालतं त्याला.

दुधाच्या वेळी त्याला छातीभोवती दोरी बांधून मागच्या दारानं माळावर घेऊन जायचं चालू केलंय. दाजींना न विचारता. किटल्या यायच्या आधी. मला आता किटली क. च्या आधी ऐकू येते. ओढ्याच्या पुलावर असते तेव्हाच. त्याचे कान उठायच्या आत वाट बदलायची. आधी मी चालताना मोबाईल बघायचो, पाखरं बघायचो, काहीही. आता बघून चालतो. दुपारी दमून जातो, न करताच काही.

दोरी मी घट्ट धरली की तो ताठ होतो. हे पण कळलं. समोरून भारा आला, माझा खांदा आवळला, तो लगेच दोरीतून त्याला कळतो. भारा कशाला बघेल तो, माझाच खांदा वाचतो.

ताई मशीनवर. म्हणाली, मी किती दिवस बसू? मला म्हशी आहेत, स्वयंपाक आहे. बरोबर आहे.


२६ नोव्हें., बुध.

झाले दिवस. क. ठणठणीत. वेल्ह्याला फोन करून सांगितलं. नानांना सांगायला पळत गेलो. ते ऐकून आत गेले आणि जेवायला वाढ म्हणाले सुनेला. दुपारचे चार वाजले होते.

घरी आलो तर ओसरीवर रिकामी गोणी, धुऊन वाळत घातलेली. दाजी म्हणाले उद्या शकूर टेम्पो घेऊन येतो, कॅन नसरापूरला टाकून तसंच भाटघरला जाऊ. मी म्हणालो तो आता बराय. म्हणाले, बरा हाय म्हणूनच सोडतोय, आजारी असता तर गाडला असता. शांतपणे बोलले. मला त्यांचा राग यावा असं वाटतं पण निम्म्या किटल्या अजून फाट्यावर जातायत. हे घर त्या दुधावर चालतं.

ताईला म्हणालो तू बोल. म्हणाली, माझं न्हाई ऐकायचे. नानांचं ऐकतील. चावलंय त्यांना.


२७ नोव्हें., गुरु.

टेम्पो आला. कॅन चढले. शकूरभाई आज गमतीत नव्हते. मला हळूच म्हणाले, "अविशेठ, मला नका सांगू त्याला उचलायला. मी गाडी चालवतो, एवढंच."

क. सरपणाच्या खोलीत, दार लावलेलं. दाजींनी गोणी घेतली. तेवढ्यात नाना आले, किटली डाव्या हातात. फाटकाच्या आत. सगळे थांबले. जे आठ-दहा जण होते ते नानांच्या तोंडाकडे बघत होते. दाजी म्हणाले, नाना, तुमी सांगा. तुमी म्हणाल तसं. ठेवायचं का न्यायचं?

नानांनी दाजींना उत्तर दिलंच नाही. माझ्याकडे वळले.

"कुत्रं ऱ्हाईल. त्याला कसं वागवायचं ते तुला उमगलंया. आमाला न्हाई उमगलं, आन आता ह्या वयात उमगायचं बी न्हाई. पन तू ऱ्हानार हाईस का?"

मी सरपणाच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"तू दोन म्हैन्यानं निगून गेलास, तर तवा ते चावंल. मग मी न्हाई, दुसरं कुनीतरी आसंल. म्हनून इचारतो. तू सांग, मग मी सांगतो."

शकूरभाईंनी इंजिन बंद केलं. हो म्हणायला एक क्षण लागतो. आजवर किती जणांना हो म्हणालोय. हॉटेलवाल्याला, ट्रेकवाल्याला, आयटीआयच्या सरांना. तेव्हा कधी अडलं नाही. आज अडलं.

दाजींनी गोणी खांबाला अडकवली. "एक तारखेपत्तूर," म्हणाले आणि माप घ्यायला बसले.


२८ नोव्हें., शुक्र.

दापोलीच्या मित्राचा फोन. हॉटेलात काम आहे, समुद्राच्या काठावर, खोली आहे, गाडी आहे फिरायला. सीझन चालू होतोय. एक तारखेला ये. मी म्हणालो कुत्रा आहे बरोबर. म्हणाला, वेडा आहेस का, पाहुण्यांना चावला तर. तू ये, कुत्र्याचं बघेल कुणीतरी.

समुद्र मी दोनदाच बघितलाय.


२९ नोव्हें., शनि.

शाळेच्या मागे मोडकं दार पडलं होतं, विचारून आणलं. विटांच्या चार थप्प्या, वर दार. किटली ठेवायला कंबरेएवढा ओटा झाला, कुणाला वाकायला नको. दाजी आधी म्हणाले हे काय खूळ. संध्याकाळी तीन म्हाताऱ्या म्हणाल्या, बरं केलंस बाबा, कंबर मोडत होती. दाजींनी ओटा हलवून बघितला.

क. ला लांबून, माळाच्या वरून दाखवलं दूध चालू असताना. आधी उभा राहिला, अंग ताठ. मी काहीच केलं नाही, दोरी सैल, नुसता बाजूला बघत राहिलो. शेपटी खाली आली. एकदा भुंकला. भुंकू दिलं. भुंकला की मला बरं वाटतं आता.

तेवढ्यात एक मोटरसायकल मागच्या वाटेनं अचानक वर आली, कॅन वाजवत. मला ऐकूच आली नाही, मी समुद्राचा विचार करत होतो. दोरी हातातून निसटली जवळजवळ. तळहात सोलला. गाडीवाला शिव्या देत गेला. वीतभर. वीतभरावर होता त्याचा पाय.

बसलो तिथंच. दोघंही धापा टाकत.


१ डिसें., सोम.

पहाटे जाग आली ती उठूनच बसलो. बॅग अजून खुंटीलाच आहे, उघडली नाही, भरली पण नाही.

सरपणाच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत हिरवी जाळी लावली तर क. ला अंगण दिसणार नाही आणि अंगणाला क. दिसणार नाही. तेवढी जागा त्याला मोकळं फिरायला. पाच खांब लागतील. पहार घेतली आणि चालू केलं. कुणाला सांगितलं नाही काय करतोय. ताईनं विचारलं नाही. चहा ठेवून गेली.

दोन खड्डे झाले. मोबाईल वाजला, मित्र असणार. परत वाजला.

टेम्पो आला. शकूरभाई उतरले, खड्ड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कॅन चढवले आणि गेले. दाजी ओसरीवर उभे होते. गोणी अजून खांबालाच.

नाना सगळ्यात शेवटी आले. आज पहिल्यांदा उजव्या हातात किटली. ओट्यावर ठेवली, माप दिलं, आणि घरी जायचं सोडून मागच्या बाजूला आले. फार जवळ नाही. खोलीच्या दाराआड क. गुरगुरला, थोडासा. नाना तिथंच उभे राहिले, त्याच्याकडे तिरपं बघत, जसं मी बघतो तसं. गुरुवारचा प्रश्न परत विचारतील म्हणून मी खाली मान घालून माती उपसत राहिलो.

"किती खोल घेतोस?" म्हणाले.

"बघतो अजून."

"हातभर घेशील तर वाऱ्यात हालंल. पयल्या वळवात पडंल."

नाना गेले नाहीत, तसेच उभे. पहार उचलून तिसऱ्या खड्ड्यात मारली. खाली कातळ वाजला.